आधी ठिपके, मग रेघा

काका दिसायच्या आधी ऐकू यायचे. आमचं ऑफिस चिंचवडच्या एमआयडीसीत, बेअरिंगच्या एका गोदामावरच्या मजल्यावर होतं. तिथल्या फरशीवर त्यांच्या बुटांचा धप धप आवाज व्हायचा. सॉफ्टवेअरमधली माणसं साधारणपणे कापडी बूट घालतात, नाहीतर सरळ चपलांवर येतात. काका कारखान्यातले सेफ्टी शूज घालायचे. काळे, जड, पुढे लोखंडी टोपी असलेले. आवाज आपल्या रांगेत वळला की आम्ही माना खाली घालायचो, मास्तर प्रश्न विचारायला लागले की पोरं घालतात तशा.

ते कोणाला मेसेज करत नसत. तुम्ही ऑफिसच्या चॅटवर त्यांना काही विचारलं तर उत्तर यायचं नाही, काका यायचे. खुर्चीमागे उभे राहायचे, खिशातली बडीशेप तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "बोला, काय अडलंय तुमचं?" कालच कॉलेजातून आलेल्या पोराला 'तुम्ही', वॉचमनला 'तुम्ही', गोदामातली मांजर जिन्यात आडवी झाली तर तिलासुद्धा "सरका जरा." कोणाला अरेतुरे केलेलं मी ऐकलं नाही. अपवाद एकच होता, तो पुढे येईल.

पन्नाशी जेमतेम गाठलेल्या माणसाला काका म्हणणं काही बरोबर नाही. पण तो बारमाही स्वेटर, ती बडीशेप, तो पितळी कडीचा डबा आणि सकाळी साडेअकराला जेवायला बसणं, या सगळ्यावर दुसरं कुठलं नाव बसतच नव्हतं. साडेअकरा ही कारखान्यातल्या पहिल्या पाळीची जेवणाची वेळ. आमच्याकडे पाळ्या नव्हत्या. काकांच्या घराला मात्र त्याच वेळेला भूक लागायची सवय होती आणि ती त्यांनी मोडू दिली नाही.

ते नेमकं काय काम करायचे हे सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. आईला मी एवढंच सांगायचे की चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ते माल पोचवतात. ग्राफ म्हटलं की लोकांना शाळेतला आलेख आठवतो. आमचा ग्राफ तो नव्हे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस. ठिपका म्हणजे एखादा नट, रेघ म्हणजे तो नट कुठल्या गिअरबॉक्सात जातो ते. चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्याचे सगळे पार्ट, ते पुरवणारे, ते बनवणारी मशिनं असं धरलं तर लाखो ठिपके होतात आणि रेघा त्याहून जास्त. कॉम्प्युटरच्या पोटात आहेत तोवर ते कोणाला दिसत नाहीत. दिसायचे तर चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावे लागतात, आणि ही सॉफ्टवेअरं म्हणजे एकेक नमुने. एकाला नाव आधी लागतं, दुसऱ्याला रंग आधी लागतो, तिसऱ्याच्या पुढ्यात सगळं एकदम टाकलं की ते मान टाकतं. काकांनी एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामरांनी आयतं वापरावं असं कोड. तो सगळा पसारा ती थोडा थोडा उचलायची आणि ज्याला जसा हवा तसा बांधून द्यायची. तिचं नाव त्यांनी 'टेम्पो' ठेवलं होतं.

"आपण टेम्पोवाले हो," ते म्हणायचे. "या घरातलं सामान त्या घरात. वाटेत काही सांडायचं नाही आणि दुसऱ्याचं काही भरायचं नाही. घर कसं लावायचं ते घरवाले बघतील."

या टेम्पोत एक गोष्ट होती आणि तिच्यावरून भांडणं व्हायची. चित्राच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना नुसती रेघांची यादी दिली तरी चालते. इथून तिथे, तिथून पलीकडे. रेघेची दोन टोकं कळली की ती सॉफ्टवेअरं ठिपके आपले आपण मांडून घेतात. झटपट काम. फक्त ज्या ठिपक्याला एकही रेघ नाही त्याचं नाव त्या यादीत येतच नाही. त्याला कोणी काढलेलं नसतं, त्याच्याबद्दल कोणी काही ठरवलेलंही नसतं. तो चित्रात पोचत नाही, एवढंच. आमच्या धंद्यातली बहुतेक माणसं ही चूक करतात आणि बहुतेकांना ती कधी कळत नाही, कारण नसलेला ठिपका दिसणार कसा.

मी नवीन असताना माझ्या पहिल्याच फाइलीत ती झाली. बूट माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले.

"तुमचे एकटे कुठे राहिले?" काकांनी विचारलं.

"कोण एकटे?"

"ज्यांना रेघ नाही ते. आधी ठिपके लिहायचे, सगळेच्या सगळे. मग रेघा. कंपनीच्या गेटवर कसं असतं? आधी हजेरी, मग काम. एखाद्याला काम मिळालं नाही म्हणून तो गेटवर आलाच नव्हता असं म्हणता येत नाही."

मी ते बदललं. फाइल फुगली, वेळ जास्त लागायला लागला, मॅनेजर कुरकुरला. काकांनी बडीशेपेची पुडी माझ्यापुढे धरली, म्हणजे परीक्षेत पास.

आमचा मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. हे मी स्वतःला अजूनही अधूनमधून सांगते, कारण नाही सांगितलं तर त्याच्याबद्दल फार वाईट बोलेन. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याचं निम्मं शिक्षण काकांनी त्याच्या खुर्चीमागे उभं राहून केलेलं होतं.

काकांच्या उठून येण्याची हद्द मी लॉकडाऊन सैल झाल्यावर पाहिली. सगळे घरून काम करत होतो. टेम्पो मोठ्या फाइलीवर मध्येच का अडकतो असं मी त्यांना चॅटवर विचारलं. मनात म्हटलं, आता तरी हा माणूस दोन ओळी लिहील. दुपारी आई गॅलरीतून आत आली आणि म्हणाली, "खाली कोण कुरिअरवाला आलाय बघ, तुझ्या नावानं हाका मारतोय."

काका होते. चिखलीहून संत तुकारामनगरपर्यंत सायकल मारत आले होते. तोंडाला मास्क, अंगात स्वेटर, पायात तेच बूट. रोगाचे दिवस म्हणून वर यायला तयार नाहीत. मग मी वर गॅलरीत लॅपटॉप हातावर घेऊन उभी आणि ते खाली पार्किंगमधून ओरडून सांगतायत, "एकदम नका हो लिहायला जाऊ. घास घास करून लिहा. एक घास उतरला की दुसरा." आख्खी कॉलनी बाहेर येऊन बघत होती. पुढे विहारात भेटलेल्या बायकांनी आईला विचारलं, तुमच्या पोरीला जेवायला कोण शिकवत होतं?

माझे वडील पिंपरीतल्या कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. त्यांची नजर बुटांवर गेली आणि ते चहाचा कप घेऊन स्वतः खाली उतरले. मी वरून ऐकत होते.

"हे बूट तर आमच्या टायमाचे," वडील म्हणाले. "कुठल्या कंपनीत होता तुम्ही?"

"मी नाही. दादा होता." काकांनी कंपनीचं नाव सांगितलं. ती बंद पडून जमाना झाला होता.

वडील वर आले तेव्हा रिकामा कप हातातच होता. म्हणाले, "त्या कंपनीतल्या लोकांचे लई हाल झाले गं."

दादाबद्दल मला खरं कळलं ते चाकणहून परत येताना. त्याच्या आधी काय झालं ते सांगते. तिथल्या एका कारखान्याला आपल्या सगळ्या पार्टांचं एक भलंमोठं चित्र मीटिंगच्या खोलीत भिंतीवर लावायचं होतं. आम्ही तिघं, मॅनेजर, काका आणि मी, ते छापून घेऊन गेलो. मधे काळा गुंता, त्याच्याभोवती जरा विरळ जाळी आणि एका कडेला सुटे ठिपके.

खरेदी खात्याचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे कडेला शिंतोडे कसले उडालेत? प्रिंटर गेलाय का तुमचा?"

"शिंतोडे नाहीत साहेब," काका म्हणाले. "तुमचेच पार्ट आहेत. त्यांना कुठलीच रेघ नाही."

"मग दाखवता कशाला? बाहेरचे लोक येणार आहेत आमच्याकडे. काढून टाका."

"गोदामात आहेत ते तुमच्या. रेघ का नाही ते तुम्ही बघा. मी गाळणार नाही."

हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की साहेबांना चिडायलाही क्षणभर उशीर झाला. मग चिडले. मॅनेजर हसत हसत मधे पडला, त्यांना चहाला घेऊन गेला, आणि चहा होईपर्यंत लॅपटॉपवर चित्राची ती कड कापून नवीन फाइल त्यांच्या हवाली केली. जिन्यात काका त्याला म्हणाले, "तुम्ही कात्री लावलीत."

"अहो काका, क्लायंटला क्लीन पिक्चर पाहिजे यार. कडेला कोण बघतंय?"

त्या कापलेल्या ठिपक्यांमुळे पुढे कारखान्याचं काही बिघडलं का, कोणी पस्तावलं का, तर तसं काही झालं नाही. चित्र भिंतीवर लागलं आणि सगळे खूश होते.

मॅनेजर तिथेच थांबला. आम्ही दोघं बसने निघालो. चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे बस जी थांबली ती थांबलीच. काकांनी खिडकीबाहेर बघत आपणहून बोलायला सुरुवात केली. असं ते कधी करत नसत.

"दादाची कंपनी बंद झाली ना, तेव्हा सगळे कुठे ना कुठे चिकटले. कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झालं. दादाला काही जमलं नाही. आधी मित्र यायचे घरी. मग नुसते फोन यायचे. मग तेही थांबलं. वहिनी होत्या तोवर त्यांच्याशी बोलायचा. त्या गेल्या आणि बोलणंच गेलं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. मी वाढलं की जेवतो. रोज सकाळी उठून दाढी करतो हो तो. एक दिवस चुकत नाही. कुठे जायचं नाही, कोणी यायचं नाही, पण दाढी गुळगुळीत." त्यांनी पाय पुढे केला. "हे कंपनीनं त्याला दिलेले शेवटचे बूट. त्यानं घातलेच नाहीत. चामडं वापरात नसलं की तडकतं, म्हणून मी घालतो. तळ बदलून बदलून."

काका ज्याला अरेतुरे करत तो हा एकच माणूस.

"त्याला आता कुठलीच रेघ नाही," ते म्हणाले. "म्हणून काय तो नाहीच?"

"तुमची आहे की," मी म्हटलं.

त्यांनी यावर खरोखर विचार केला. पुढचा कंटेनर हलला, बस थोडी सरकली, पुन्हा थांबली.

"हो," ते म्हणाले. "एक आहे."

मला तिथे रडू आलं असतं. पण गर्दी झाली होती आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंची भाजीची पिशवी माझ्या तोंडावर आली होती.

पुढे हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीने आमची छोटी कंपनी विकत घेतली आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. काचेची बिल्डिंग, कंपनीची कॅब आणि तासन् तास एकाच सिग्नलला उभं राहणं. तिथे जमिनीवर गालिचा होता. काकांचे बूट वाजेनासे झाले. ते खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि माणूस दचकायचा. नव्या लोकांना ते कोण हेच माहीत नव्हतं. कोणीतरी तक्रार केली. एचआरच्या बाईंनी त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं की कोणाकडे जायच्या आधी मेसेज टाकत जा.

"म्हणजे येतो हे सांगायला आधी लिहायचं," काका मला म्हणाले. "आणि लिहिलंच तर मग जायचं कशाला?" त्यानंतर ते ओळखीच्या टेबलांकडेच जायचे. ती टेबलं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली होती.

मॅनेजरने चाकणचा धडा घेतला होता, पण उलटा. त्याने मला सांगितलं की टेम्पोमध्ये एकटे ठिपके गाळायची सोय करून दे, दर वेळी कात्री कोण लावणार. मी काकांना विचारायला गेले. मला वाटलं भडकतील. ते म्हणाले, "लिहा की. मागेल त्याला मिळालं पाहिजे. पण कोणी न मागता गाळायचे नाहीत. आणि गाळले तर किती गाळले ते टेम्पोनं सांगितलं पाहिजे." मी तसंच लिहिलं. त्या पर्यायाचं नाव काकांनी ठेवलं, 'एकटे'.

मग ते चित्र आलं. कंपनीच्या वरच्या मॅडमना बघायचं होतं की कोण कोणाबरोबर काम करतं. सगळ्या शाखांतली सगळी माणसं म्हणजे ठिपके. एकमेकांना केलेले मेसेज, स्वीकारलेली मीटिंगची आमंत्रणं, कामाच्या नोंदीवर लिहिलेली उत्तरं, या रेघा, पण उत्तर न आलेला मेसेज धरायचा नव्हता. हे कशासाठी चाललंय ते सांगायची गरज नव्हती. त्या वर्षी सगळीकडे माणसं कमी करत होते. जो कडेला तो बाहेर, हे कॅन्टीनमध्ये चहा देणाऱ्यालाही कळलं होतं. एवढा मोठा पसारा टेम्पोशिवाय कोणाला उचलता आला नसता, म्हणून काम काकांकडे आलं. मदतीला मी.

दुपारी चित्र उघडलं. मधे ढेकूळ, त्यातून निघालेल्या फांद्या आणि खाली एका कोपऱ्यात थोडे सुटे ठिपके. काकांनी त्यातल्या एकावर माउस नेला. नाव उमटलं.

"हा मी," ते म्हणाले.

त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, 'एकटे' वापरा. गाळून टाका. एका शब्दाचं काम आहे. चित्र स्वच्छ दिसेल, मॅनेजर खूश होईल, कोणी विचारणारही नाही."

"मागितलंय का त्यांनी?"

"नाही. पण..."

"मग?"

"मग दुसरं करू. आत्ता माझ्यासमोर मला एक मेसेज पाठवा. नुसतं हो लिहा. मी उत्तर देते. पुन्हा डेटा घेऊ, एक रेघ येईल. आणि ती खोटी नसेल, काका. मी तुमच्याकडूनच शिकले आहे सगळं. रेघ आहे, फाइलीत नाही एवढंच."

मग त्यांनी माउस बाकीच्या ठिपक्यांवरून एकेक करून फिरवला. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. एक जण वर्षभर चाकणच्या कारखान्यात मशिनीशेजारी बसून काम करत होता, तिथे चॅटला नेटवर्कच नव्हतं. एकाचं नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

"यांना कोण मेसेज करणार?" काकांनी विचारलं. "ह्यांचीही रेघ असेल कुठेतरी. मला माझी माहीत आहे म्हणून मी माझी भरू? उद्या कोणी दुसऱ्यानं स्वतःची भरली तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"दादांचं काय करणार मग?" मी विचारलं. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला या धंद्यात पुन्हा कोण घेणार होतं? घरात दुसरं मिळवणारं कोणी नव्हतं.

दादांचं नाव निघताच त्यांचा हात टेबलावर थांबला. त्यांनी मन बदलावं म्हणून मी अक्षरशः मनातल्या मनात त्यांच्या विनवण्या करत होते. मग त्यांनी बडीशेप काढली, थोडी माझ्या हातावर ठेवली आणि फाइल आहे तशी पाठवली.

मीटिंगला मॅडम, आमचा मॅनेजर आणि आणखी काही जण होते. चित्र पडद्यावर काकाच दाखवत होते. मॅडम मधल्या ढेकळाबद्दल बोलल्या, फांद्यांबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "आणि हे खाली कोपऱ्यातले कोण?"

"त्यातला एक मी आहे, मॅडम," काका म्हणाले.

मी बोलले. म्हटलं, "मॅडम, हे उठून जाऊन बोलतात. ते या फाइलीत येत नाही. या खोलीतल्या निम्म्या लोकांना यांनी शिकवलंय. आमच्या मॅनेजरना विचारा." मॅनेजर मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. तो वर बघेल म्हणून मी थांबले. त्याने बघितलं नाही.

"असेल ना," मॅडम अगदी समजुतीने म्हणाल्या. "पण मग ते डेटात दिसायला हवं होतं."

काका मान डोलावून पुढच्या चित्रावर गेले.

जायच्या दिवशी ते सगळ्या मजल्यांवरून फिरले. आमच्या जुन्या ऑफिसातला प्रत्येक जण शोधून काढला आणि त्याच्या खुर्चीमागे उभे राहून विचारलं, "बोला, काही अडलंय का?" कोणाचं काही अडलेलं नव्हतं. निदान तसं कोणी सांगितलं नाही. मॅनेजरच्या मागेही ते उभे राहिले. तो उठून उभा राहिला, त्याने हात मिळवला, आणि मग स्वच्छतागृहात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. काकांचा फोन कंपनीचा होता, तो त्यांनी जमा केला. मला म्हणाले, "टेम्पो तुमच्याकडे. सामान सांडू नका."

सांडायलासुद्धा माझ्या हातात तो फार दिवस राहिलाच नाही. मला दुसऱ्या कामावर टाकलं आणि टेम्पो नव्या पोरांकडे गेला. एकदा त्याची नवी आवृत्ती आली. सोबतच्या निवेदनात बऱ्याच सुधारणा होत्या, त्यातली एक अशी की एकटे ठिपके यापुढे न मागताही गाळले जातील, पाहिजे असतील तर मागावे लागतील. त्यामुळे चित्र लवकर तयार होतं, हेही लिहिलं होतं. किती गाळले ते सांगणारी ओळ काढून टाकली होती. थोड्याच दिवसांत माणसांचं नवीन चित्र सगळ्यांना पाठवलं गेलं. कडा स्वच्छ होत्या आणि लोकांनी वाहवा केली. मी माझ्या मशिनवर तेच चित्र एकट्यांसह काढून पाहिलं. कोपऱ्यातला एकेक ठिपका बघितला. काका नव्हते. नोकरी सुटल्यावर नावच काढून टाकतात, हे मला माहीत होतं. तरी मी पुन्हा एकदा बघितलं.

टेम्पोचं असं झालंय हे काकांना सांगायला हवं होतं. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, आणि असता तरी काकांना काही सांगायचं तर त्यांच्याच पद्धतीने सांगायला हवं होतं. रविवारी मी चिखलीला गेले. घराची खूण त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितली होती. लेथच्या वर्कशॉपच्या मागची बिल्डिंग, वरचा मजला. वर्कशॉप रविवारीही चालू होतं. जिना चढताना मी ठरवत होते की आधी काय सांगायचं. आधी रागवायचं की इतके दिवस का आला नाहीत, आणि मग टेम्पोचं सांगायचं.

बेल वाजवली. आतून बुटांचा आवाज आला. धप, धप, उघड्या फरशीवर, पूर्वीसारखा. किती दिवसांनी ऐकत होते मी तो. मला इतका आनंद झाला की दार उघडायच्या आधीच मी हसायला लागले होते.

दारात दुसराच माणूस होता. काकांच्याच तोंडवळ्याचा, पण खूप म्हातारा. अंगात घडीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. पायात काकांचे बूट.

"काका आहेत का?" मी विचारलं. त्यांना काका म्हणून कळणार नाही हे माझ्या लक्षात आलं, पण दुसरं काही सुचेना.

माझ्या पाठीमागचं दार उघडलं आणि शेजारच्या आजीबाई डोकावल्या.

"धाकल्यांकडं आलात व्हय?" त्या म्हणाल्या. "गेलं की वो ते. उन्हाळ्यातच. झोपंतच गेलं."

आजीबाई दाराबाहेर आल्या.

"तुमी हापिसातल्या का? आमी नवा फोन बघितला त्यांचा, कुनाला कळवावं म्हनून. त्यात डाक्टरचा नंबर, औषधवाल्याचा नंबर. हापिसातला एकबी न्हाई. मग आमीच बिल्डिंगमदली चार मानसं गेलो." त्यांनी दाराकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "ह्यांना मी दोन टायमाला ताट देते. त्या दिसापास्नं बूट घालून बसत्यात. काडत न्हाईत. बोलत तर कुनाशीच न्हाईत."

म्हाताऱ्या माणसाने घसा साफ केला. आवाज फुटायला वेळ लागला, गंजलेलं काहीतरी ओढून काढावं तसा.

"मी एकटाच आहे," ते म्हणाले, आणि मला वाट द्यायला दारातून बाजूला झाले.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.